तोस कोणी आणला

अध्यक्षमहाशय, काकासाहेब, बंधुभगिनींनो,

माझ्या पत्नीच्या शोकसभेसाठी आपण एवढ्या उन्हात या शाळेत जमलात. वर्गात मी रोज बोलतो. आज उभे राहणेही जड जात आहे. तरी बोलले पाहिजे.

सुभद्रा विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, तोसाचे तुकडे दुधात भिजवून द्या. तोस म्हणजे विस्तवावर कडक भाजलेले पावाचे काप. आपल्या घरांत पाव शिवत नाहीत. म्हणून मी तिला तोस दिला नाही. त्या शब्दाची व्युत्पत्ती दिली! इंग्रजीतून आलेला, मूळ लॅटिन, अर्थ भाजून सुकवणे. आपली तृषाही त्याच कुळातली.

ती म्हणाली, "कुळ काहून सांगून राहिले? मले का त्याचं लग्न लावाचं हाय? भूक लागली. तुकडा द्या."

दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या पाववाल्याकडे मी गेलो. उपरण्याखाली झाकून तोस मी आणला. चार दिवस तिने खाल्ला. मग ज्वर उलटला, आणि ती गेली.

उशाशी तुकडे सापडले. काकासाहेब, घरातले वडील म्हणून आपण विचारलेत, "हे घरात कोणी आणलं?" मी काय उत्तर दिले? काहीच नाही. सर्वांच्या नजरा तिच्या भावाकडे वळल्या. गोविंदराव चांदूर रेल्वेला स्टेशनात नोकरीला. "रेल्वेचा माणूस, त्यानेच बाटवले!" असे सर्वांनी ठरवले. तेराव्याच्या पंगतीत त्यांचे पान मांडले नाही. मी पाहिले. मी जेवलो.

अंगणात ते मला म्हणाले, "भाऊजी, ताईनं मले समदं सांगतलं होतं. पन तुमाले याच गावात राहाचं हाय. मले काय, संध्याकाळची गाडी हाय."

मी त्यांना जाऊ दिले.

काकासाहेब, आपण मला बसण्याची खूण करीत आहात. मी बसणार नाही. तोस मी आणला. मी भिजवला. मी भरवला. प्रायश्चित्त सांगायचे असेल तर माझ्या नावाने सांगा. तिच्या नाही. त्यांच्या नाही.

गोविंदराव दाराबाहेर उभे आहेत. गोविंदराव, आत या. इथे, माझ्या शेजारी.

ज्यांना उठून जायचे असेल त्यांनी आता जावे. मी थांबतो.

जे राहिलात, त्यांनी आमच्याबरोबर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. पतीने पत्नीला हात जोडू नयेत, असे म्हणतात. मी जोडतो आहे.