शनिवारचं लोखंड

हॅलो… हॅलो? कोण? … अगं कावेरी, तू होय! विहिरीतून बोलल्यासारखा काय आवाज येतोय तुझा… हां, आता येतंय ऐकू. बोल.

नाही गं, कामात कसली. जेवणं व्हायचीत अजून. … हे? हे बाहेर गेलेत. … कुठं म्हणजे, दाताच्या डॉक्टरकडं. दाढ दुखतेय त्यांची परवापासून. … असतो की शनिवारी. … मॅच असेना का, दाढेला मॅच कळते होय? आपल्या गावात पाकिस्तानशी मॅच आहे म्हणून दाढा दुखायच्या थांबतात?

एक मिनिट हं. यल्लव्वा! ए यल्लव्वा! साहेब कुठं गेले म्हणून कुणी विचारलं तर दातवाल्याकडं म्हणायचं. मल्लेश्वरम म्हणायचं नाही. कळलं? … हां, बोल गं. … काय ऐकू आलं? … हो, मल्लेश्वरमच. तिथंच बसतो तो दातवाला. त्यात काय एवढं?

ते राहू दे. तुमचे अरविंदराव काय करतायत? … टीव्हीसमोर? मॅच सुरू व्हायचीय की अजून! … म्हणजे आज ते उठत नाहीत तिथून. … नाही, सहज विचारलं. बहिणीच्या नवऱ्याची चौकशी करू नये का माणसानं?

आणि त्या हिरव्या गाडीचं काय ठरलं? उद्याच जाणार ना ते योगीराजमामांकडं? … बरं केलं. गुरुवारी मी सांगितलं की तुला, शनिवारी लोखंड दारात आणू नये. मोटार झाली म्हणून काय, लोखंडच ते. … हो, मामा तसं म्हणाले खरं. अप्पांच्या दोघी मुलींपैकी जिच्या घरचा माणूस आधी नारळ घेऊन येईल त्याच्या हातात किल्ली. पण म्हणून काय शर्यत लावायची? अप्पांनी गाडी विकली त्याला छत्तीस वर्षं झाली, तेवढी वर्षं राहिली मामांच्या मल्लेश्वरमच्या शेडमध्ये, एका दिवसात काय पळून जातेय?

आम्हाला? अय्यो, आम्हाला कशाला हवीय दुसरी? एक आहे ती पुरे झाली. आमची लाल भवानी महिन्यातून एकदा चालते आणि बाकी एकोणतीस दिवस तेल गळते. … गॅरेज? गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

कोण म्हणालं वॉशिंग मशीन हलवलं? … यल्लव्वा म्हणाली? हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. … अगं, ते झाडायला म्हणून हलवलं. … हो, लोणच्याच्या बरण्यापण. … आणि सायकली. एकदा झाडायला काढलं की नीट झाडावं माणसानं. … भिंतीला चुना लावला, हो. वाळवी लागली होती. तू काय पोलिसात लागलीस का गं?

नाही, चिडले नाही. … सरी, सरी, बरं बाई. बोल.

हे बघ कावेरी, खरं सांगू का? तुमच्याकडं आहे की ती पांढरी. एवढी सुरेख आहे, उघडी, दोन सीटची, जानेवारीत जुन्या गाड्यांच्या रॅलीत कप मिळाला तिला. आता हिरवीपण कशाला? … मी कुठं काय म्हणतेय? मी त्या कपाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. तू तो टीव्हीवर ठेवलास, ठेव. संक्रांतीला हळदीकुंकवाला आले तर तिळगूळ द्यायच्या आधी तू तो पदरानं पुसलास, तेसुद्धा बघितलं मी. काही बोलले का? … तोंड पाडलं होतं? माझं तोंडच तसं आहे.

आणि आमच्या ह्यांचीपण लाल गाडी होती त्या रॅलीत. तिसरी आली. तिसऱ्याला कप नसतो, कागद देतात. तो कागद घेऊन घरी आले आणि सरळ जेवायला बसले. साडू कप घेऊन घरी जातो आणि आपण कागद, कसं वाटत असेल माणसाला? … ह्यांना नाही वाटलं? ह्यांना काहीच वाटत नाही, तेच तर माझं दुखणं आहे. ह्यांचंसुद्धा मलाच वाटून घ्यावं लागतं.

काय? … परत बोल. … मला? मला हवीय का?

मला कशाला…

कावेरी, तू विचारलंस म्हणून सांगते. एकदाच सांगते. मी त्या गाडीत कधी बसले नाही. … कधीच नाही. एकदासुद्धा नाही. तुला आठवत नसणार, तू चार वर्षांची होतीस. रविवारी संध्याकाळी अप्पा गाडी काढायचे, लालबागपर्यंत जायचं आणि परत यायचं. दोनच सीट. एक अप्पांची आणि एक तुझी. तू भोकाड पसरायचीस. मी दहा वर्षांची, मोठी, शहाणी. ‘श्यामला शहाणी आहे, श्यामला गेट उघडेल.’ मी गेट उघडायची. तुम्ही गेलात की लावायची. तुम्ही आलात की परत उघडायची. त्या गेटची कडी गंजकी होती, हाताला वास यायचा तिचा. आणि तू उतरायचीस ती हातात खारे शेंगदाणे घेऊन. अर्धे खाल्लेले.

द्यायचीस गं, द्यायचीस. नाही म्हणत नाही. पण ते उरलेले असायचे.

मग अप्पांना दिसेनासं झालं आणि त्यांनी ऑफिसातल्या योगीराजमामांना गाडी विकून टाकली. मी कॉलेजात होते. आता कुठं तू मोठी झाली होतीस, म्हटलं आता माझा नंबर. तर गाडीच गेली.

रडत नाहीये. फोडणीचा धूर आलाय. … जेवण झालेलं नाही, फोडणी असणारच की!

हेवा? … हो, वाटतो हेवा. जळते मी तुझ्यावर. झालं समाधान? बावन्न वर्षांची बाई, चार महिन्यांत आजी होईल, आणि धाकट्या बहिणीच्या शेंगदाण्यांवर जळते. त्या पांढऱ्या गाडीवर नाही जळले मी. त्या कपावर स्वल्प जळले. पण हिरवी तुझ्या दारात उभी राहिली ना कावेरी, तर मला बनशंकरीला येणं होणार नाही. रस्ताच बदलीन मी.

थांब… थांब जरा, गेट वाजलं. हे आले वाटतं. … हो, दाताचं करून आले.

अहो, आलात? झालं का… अहो, हे काय? नारळ परत आणलात? … मामांनी घेतलाच नाही? का? … काय म्हणाले मामा? … हळू बोला, फोनवर कावेरी आहे!

… शनिवार? … ‘अप्पांच्या मुलीच्या दारात मी शनिवारी लोखंड पाठवणार नाही,’ असं म्हणाले? … अहो, मग तुम्ही सांगायचं ना, आम्ही तसलं मानत नाही म्हणून! … मीच सांगितलंय? मामांना कुणी सांगितलं मी सांगितलंय म्हणून? … अरविंदरावांनी? कधी? … गुरुवारी फोन करून? ‘आमच्या अक्का म्हणतात शनिवारी नको, म्हणून रविवारी येतो’ असा?

अय्यो देवा.

… मग? पुढं काय म्हणाले? … ‘श्यामलाचा शब्द श्यामलाच्या नवऱ्यानं पाळला नाही, साडूनं पाळला. किल्ली त्याला.’ … असं तोंडावर म्हणाले? आणि तुम्ही काय केलंत? … कॉफी पिऊन आलात. स्वतःचा शनिवारचा उपास असून त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला कॉफी करून दिली आणि तुम्ही ती पिऊन आलात. छान. … हसू नका. अहो, हसताय काय? ठेवा तो नारळ तिथं. … तिथं नको, देवासमोर ठेवा.

हॅलो. … हो, आहे मी.

काही नाही. दाढ काढली नाही म्हणे.

… तुला माहीत आहे?

कधीपासून? … अर्ध्या तासापूर्वी मामांचा फोन आला? म्हणजे तू फोन लावलास तेव्हा तुला… आणि मी इथं दाढ दाढ करतेय! बरण्या, वाळवी, चुना… आणि तू ऐकून घेतलंस सगळं? हसलीस? … अरविंदरावपण ऐकत होते? स्पीकरवर? … नाही ना? नक्की नाही ना? बरं.

म्हण की आता काय म्हणायचं ते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तुम्हाला शनिवारचा धाक घातला, अरविंदराव मॅच सोडून हलणार नाहीत असा हिशोब केला, आणि ह्यांना नारळ देऊन धाडलं. ह्यांची चूक नाही. हे नको नको म्हणत होते. गेल्या रविवारपासून ह्यांना मीच हवी हवी करायला लावलं. लोकांच्या बायका नवऱ्याला गाडी घेऊ नका म्हणून सांगतात, मी बरण्या हलवल्या. … बहिणीशी खोटं बोलले मी कावेरी. लाज वाटते. पण जळणं गेलं नाही अजून, तेपण सांगून ठेवते.

… काय?

… अगं, काहीतरी समजुतीचं बोलू नकोस. … खरंच?

थांब. सावकाश सांग. काचेवरचा तो आरसा? मधला, छोटा? … अप्पा त्यात बघायचे? … कोपरा येईपर्यंत? मागं, गेटकडं?

… माझ्याकडं?

रस्त्याकडं बघायचं सोडून? … तू हाका मारायचीस तरी? … आणि म्हणायचे काय? … ‘बघ, अजून उभी आहे माझी पोर.’

…

हो, आहे मी. बोलतेय. … नाही, फोडणी नाही.

आणि तू ह्याच्यावर जळायचीस? … शेजारी बसून? अगं वेडे, तुला सीट मिळाली होती! … हो… हो, खरंय. सीट तुला आणि आरसा मला. हे तू मला आज सांगतेस? अप्पा जाऊन एकोणीस वर्षं झाली, ह्या वर्षांत मी तुझ्याकडं किती वेळा जेवले, एकदा सांगता आलं नाही? … का म्हणून नाही सांगितलंस? … सांगितलं असतं तर ते पण मलाच मिळालं असतं. बरोबर आहे. मीपण नसतं सांगितलं.

बरं. मग उद्या? … किती वाजता? … सात? आधी इकडं येणार, कोरमंगलाला? पण रस्ता उलटा आहे की तुम्हाला. … मल्लेश्वरमहून बनशंकरीला जाताना कुणी कोरमंगलाला येतं का? … सरी. … चालवणार कोण? अरविंदराव? … तू? तुला येते ती चालवायला? गिअर कुठल्या बाजूला असतो माहीत आहे का? … आणि अरविंदराव? … रिक्षानं येणार मागून? बिचारे.

म्हणजे मी तुझ्या शेजारी. … लालबागपर्यंत? … नाही, शेंगदाणे मी घेते. पूर्ण पुडी घेते. तुला उरलेले देईन.

ऐक ना, एक विचारू? गाडी राहणार तुझ्याच गॅरेजमध्ये ना? … हो, माहीत आहे. विचारलं आपलं. आमच्याकडं भिंतीला चुनापण झाला होता… बरं, बरं, राहिलं. कधी ऊन लागलं तिला तर आणून ठेव, एवढंच म्हणते.

आणि कोपऱ्यावर आलीस की हॉर्न वाजव, दोनदा. मी गेट उघडते. … हो, मीच उघडते. यल्लव्वाला नाही जमत, कडी अडकते.

ठेवते आता. ह्यांना जेवायला वाढायचंय, मॅच लागेल. … हो गं. ये.

यल्लव्वा! त्या देवासमोरच्या नारळाला हात लावू नकोस. चटणीला नाही तो. उद्या सकाळी कावेरीची गाडी येतेय, तिच्यापुढं फोडायचाय. आणि चाकाखाली ठेवायला चार लिंबं बघून ठेव, चांगली रसरशीत.