सतरा पुड्या कोणाच्या ताब्यात होत्या, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ६३, धंदा : शाळेच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील सहायक, आता निवृत्त, राहणार दुसरा मजला, जिन्यालगतची खोली, समक्ष हजर राहून लिहून देते की, काल घेतलेल्या माझ्या जबाबात ‘मुलीच्या ताब्यातील सतरा पुड्या’ असे आहे. ते खोटे आहे आणि त्याखाली माझी सही आहे. म्हणून हा दुसरा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

माझी धाकटी मुलगी, वय २६, शिवणकाम करते. दोन वर्षांपासून ती पावडर ओढते. गेल्या वर्षी उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारले, रोज किती घेते? मला सांगता आले नाही. ते म्हणाले, अंदाजाने औषध देता येत नाही. तेव्हापासून तिच्याकडे पुडी सापडली की मी काढून घेई आणि तारखेची चिठ्ठी लावून माझ्या कपाटात ठेवी. आठ महिन्यांत सतरा झाल्या. प्रयोगशाळेत चौतीस वर्षे मी एकही नमुना फेकलेला नाही.

पोलीस ठाण्याच्या दारावर पाटी आहे : व्यसनी व्यक्तीला घरच्यांनी स्वतःहून आणल्यास गुन्हा नाही, उपचार. ती मी दोन वेळा वाचली. काल सकाळी अकरा वाजता मुलीला घेऊन आले. ती आपणहून तयार झाली होती. यापूर्वी तीनदा ती अर्ध्या रस्त्यातून परतली होती. डॉक्टरांना उपयोगी पडेल म्हणून मी पुड्यांचा डबा टेबलावर ठेवला.

हवालदारांनी सगळ्या पुड्या एकत्र ओतून वजन केले. अकरा ग्रॅम भरले. पाच ग्रॅमच्या वर विक्री धरतात, हे पाटीवर नव्हते. ते म्हणाले, “बाई, पोरीनं दुकान थाटलं आणि गोदाम तुम्ही सांभाळलंत की.” खोलीतले दोघे हसले. चिठ्ठ्या केरात गेल्या. लवकर सही करा, म्हणजे हिला दवाखान्यात पाठवता येईल, असे मला सांगितले. मी न वाचता सही केली. तिला कोठडीत नेले.

नेताना ती म्हणाली, “आई, टाकून का नाही दिलंस गं?”

आज ठाण्याच्या साहेबांनी समजावले की हे लिहून दिले तर ताबा माझा ठरेल आणि आरोपीही मीच. “मावशी, या वयात कशाला? कोर्ट तिला सोडेलही.” ‘सोडेलही’च्या भरवशावर मी मुलीला ठेवणार नाही. पुड्या माझ्या कुलपात होत्या. तिने दोनदा कपाट उचकटायचा प्रयत्न केला, तिला ते उघडता आले नाही. दारावर खुणा आहेत. त्या पंचनाम्यात घ्याव्यात.

वरील मजकूर मी साहेबांसमोर मोठ्याने वाचला. त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.

जमा केले : कपाटाची किल्ली एक, दुसरी किल्ली नाही. मुलीचे कपडे दोन जोड. तिला कालपासून उलट्या होत आहेत म्हणून टॉवेल एक. किल्ली ठेवून घेतली. कपडे व टॉवेल परत मिळाले.