ओट्यावर ठेवलेल्या बातम्या

बसा वो ताई, बसा ना — ही पिशवी मी मांडीवर घेते, होईल जागा. न्हाय न्हाय, जड न्हाय, पोरीचा डबा हाय आणि तिचा फोन. आत नेऊ देत न्हाईत ना फोन, गेटवरच काढायला लावतात, मग मीच घेतला. वाजत न्हाय तो, आवाज बंद केलाय — नुसता थरथरतोय. थरथरू दे. तुमचा पोरगा खालच्या खोलीत काय? आमची रंजिता वर, दुसऱ्या मजल्यावर, ती तिसरी खिडकी दिसते ना, तिकडंच कुठंतरी. बाराला सुटेल पहिला पेपर, मग तीनपर्यंत सुट्टी, मग तीन ते पाच दुसरा. किती वाजले तुमच्या घड्याळात? — सव्वाअकरा. बरं. सव्वाअकराच.

आम्ही कोनचे. कल्याण रोडला ते कोन गाव. तुम्ही शहापूरवरून? बाप रे, म्हणजे पहाटेच निघाला असाल. आम्ही बाई कालच आलो, माझ्या बहिणीकडं, रूपाकडं, हितं नाक्याच्या मागंच राहते ती — कारण काय, गोडाऊनच्या ट्रकांचा भरवसा न्हाय. गेल्या टायमाला सेंटर ठाण्याला होतं, कशेळीच्या पुलावर दीड तास अडकलो, पोरगी रिक्षातून उतरून पळत गेली, तरी पाच मिनिटं उशीर झाला आणि गेट बंद. पाच मिनिटांपायी वर्ष गेलं. म्हणून यंदा आजा बोलला — आजा म्हणजे रंजिताचा आजा, माझा सासरा, चिंधूबाबा बोलतात त्यांना गावात — तो बोलला, आदल्या दिवशीच जावा रूपाकडं, उगाच दगदग नको. आणि तिला बोलला, पेपर देऊन ये आणि मला सांग काय काय विचारलं ते. मी हाय हितंच ओट्यावर, मी कुठं जातोय?

तुमचा पोरगा पेपर वाचत असेल ना रोज? इंग्लिश? — बघा. आमच्या रंजिताला वेळ कुठला! राहनाळच्या गोडाऊनला ड्युटी, नऊ तास उभ्यानं पार्सल स्कॅन करायचे, फोन बाहेर जमा. आणि सरकारी परीक्षेचे क्लासवाले बोलतात चालू घडामोडी रोज दोन तास, रोज म्हणजे रोज, एक दिवस सुटला की सुटला. मग कसं करायचं? मी बोलले, मी ऐकते. हसू नका, मी दुसरी शिकलेली बाई, सही करते आणि बसची पाटी वाचते, पुढं न्हाय. पण कान हायत ना? मी पण गोडाऊनलाच, पॅकिंगला, आमचा शेठ कानात काय घातलंय ते बघत न्हाय. हात टेप लावतात, कान रिकामेच. सकाळी सातच्या रेडिओच्या बातम्या, दुपारच्या, संध्याकाळच्या — सगळ्या ऐकायच्या आणि घरी भाकऱ्या थापताना तिला सांगायच्या. ती समोर बसून वहीत लिहिते. चार वर्षं झाली. एक खाडा न्हाय माझा, ताप होता तेव्हा पण न्हाय.

लक्षात कसं राहतं? आता सांगते तर वेडी म्हणाल. मी घरांत ठेवते. आमच्या गल्लीतल्या घरांत. देवळापासून सुरू करायचं आणि चालत जायचं. पहिलं घर धोंडूबाईचं — ती सदान्‌कदा ओरडत असते, म्हणून वादळं सगळी तिच्याकडं. कुठलं चक्रीवादळ, कुठं धडकलं, नाव कुठल्या देशानं दिलं, सगळं धोंडूबाईच्या दारात. पुढं सावळारामचं दुकान — महागाई, बजेट, बँकेचा व्याजदर, तिकडं. भाविकच्या गच्चीवर कबुतरं, म्हणून रॉकेट, उपग्रह त्याच्या गच्चीवर. ठकुबाईच्या दारात विहीर — पाणबुड्या, धरणं, तळी, सगळं त्या विहिरीत सोडलं. तिला बिचारीला पत्ता न्हाय तिच्या विहिरीत नौदल हाय ते! रंजिता आधी पोट धरून हसली, मग तिला पण तेच जमायला लागलं. बोलते, आई, मी परीक्षेत डोळे मिटते आणि गल्लीत शिरते. प्रश्न कुठल्या घरातला ते कळलं की उत्तर दारातच असतं.

आणि गल्लीच्या टोकाला आमचं घर, आणि ओट्यावर आजा. तर नेमणुका — कुठल्या आयोगावर कोण बसला, कुठल्या देशात कोण आला, कुठला पुरस्कार कुणाला — हे सगळ्यात जड काम, रोज बदलतं आणि हेच जास्त विचारतात. ते सगळं मी आजाजवळ ठेवलं. का? तर बाकीच्यांची दारं कधी बंद असतात, कोण कामाला, कोण लग्नाला. आजाचे गुडघे गेलेत, सहा वर्षं झाली ओटा सोडत न्हाय. कधी पण जा, हायच तो. आणि त्याला आवड पण होती. रंजिता ड्युटीवरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, काय गं, आज दुनियेत काय झालं? ती एकेक नाव सांगायची आणि हा प्रत्येकाला विचारायचा, ह्याला किती दिवस ठेवतील? — हीच तिची उजळणी. क्लास लावायचा असता तर कुठून लावला असता आम्ही! हा फोन... थरथरू दे वो. बघू नका तिकडं.

किती झाले आता? — साडेअकरा. घड्याळ बरोबर हाय ना तुमचं?

एकदा काय झालं, परदेशात कुठंतरी बोट बुडाली, लई माणसं गेली, लहान पोरं. मी न्हाय सांगितली ती बातमी. म्हटलं दमून आलीय, जेवते आहे, कशाला. आणि महिन्याभरानं सराव परीक्षेत नेमकं तेच आलं. केवढी चिडली माझ्यावर! बोलली, आई, तू निवडू नको. तू नुसतं सांग. काय घ्यायचं, काय सोडायचं ते मी ठरवीन. बरोबर बोलली ना? मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हापासून एक बातमी गाळली न्हाय मी. बरी, वाईट, मेल्याची, जगल्याची — सगळी. आज सकाळी पण, रूपाच्या मोरीत ती दात घासत होती आणि मी दारात उभी राहून सातच्या बातम्या सांगितल्या, एकेक, न चुकता. एक सोडून.

आजा गेला वो ताई.

पहाटे पाचला. झोपेतच. रंजिताच्या बापाचा फोन आला मला — रंजिता माझ्या बाजूलाच झोपलेली, हात माझ्या अंगावर. मी फोन घेऊन जिन्यात गेले. तो रडत होता, बोलला पोरीला घेऊन ये आत्ताच्या आत्ता. आणि मी काय बोलले माहीत हाय? बोलले, ती गेली. बोलले, अभ्यासिकेत गेली मैत्रिणींबरोबर, फोन न्हाय तिच्याकडं. पहाटे पाचला! कुठली अभ्यासिका उघडी असते पहाटे पाचला? पण रडणारं माणूस विचारत न्हाय. मग मी वर आले आणि तिचा फोन उशाखालून काढला, आवाज बंद केला — गावातल्या ग्रुपवर फोटो यायला लागलेले, हार घातलेला — आणि पिशवीत टाकला. माझ्या हातांनी. सकाळी तिनं मागितला तर बोलले, आत चालत न्हाय, राहू दे माझ्याकडंच. पंचवीस वर्षं तो माणूस मला कधी वाईट शब्द बोलला न्हाय, बाकी सगळ्या सुना डोक्यावर पदर घेऊन आणि मला बोलला तू ओढणी घे, कामाला जातेस, पदर मशिनीत अडकेल. आणि मी त्याच्या मयताच्या दिवशी हितं बाकड्यावर बसून तुमच्याशी गप्पा मारते आहे.

पण थांबा, पुढचं ऐका, ते अजून वाईट हाय. साडेनऊला हितं गेटवर पोरगी बोलली, आई, आजाला फोन लाव, पाया पडते फोनवरच. काय करणार होते मी? लावला. बापानं उचलला, मागं बायकांचं रडणं — मी कानाला घट्ट दाबून धरला आणि बोलले, व्हय बाबा, निघाली ती आता, व्हय, देते आशीर्वाद तिला, ठेवू मग? तिकडं तो बोलतोय अगं कमळ काय बोलतेस, डोकं फिरलं काय तुझं — आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले, आजा बोलला नीट लिही. ती हसत गेली आत.

आता ते लोक थांबायला तयार न्हाईत. मी मघाशी फोन केला, तुम्ही यायच्या आधी. बोलले, सहापर्यंत थांबा, पाचला सुटते ती, सहाला पोचतो. बोलतात, मे महिन्याचं ऊन, माणसं सकाळपासून उपाशी, दोनला उचलणार. बापाचा भाऊ बोलला, परीक्षा मोठी का आजा मोठा? सांगा मला आता, हा प्रश्न कुठल्या घरात ठेवू मी? बारा वाजता ती सुटेल. तेव्हा सांगितलं तर रिक्षा करून दोनच्या आत पोचते, तोंड बघते त्याचं — आणि दुसरा पेपर गेला, म्हणजे पहिला पण गेला, म्हणजे परत एक वर्ष. न्हाय सांगितलं तर पेपर होतो, आणि आजा तिला परत दिसत न्हाय. कधीच न्हाय. तुम्ही असता तर काय केलं असतं? सकाळपासून इकडून तिकडून तेच, तेच.

आणि खरं सांगू? तुम्ही अनोळखी म्हणून सांगते. यंदा तिला बसायचंच नव्हतं. मार्चमध्ये बोलली, आई, मला सुपरवायझर करतायत, पाय दुखतात माझे, डोकं दुखतं, बस झालं. मीच पाया पडले तिच्या. आई असून पोरीच्या पाया पडले, एकदा दे, शेवटची. कुणासाठी? मला काय कळतं सरकारी साहेब म्हणजे काय ते? पण मला वाटायला लागलेलं ना... चार वर्षं रोज मला जगातलं सगळं माहीत होतं, ताई. टेप लावता लावता. ते बंद झालं तर मी परत नुसती टेप लावणारी. म्हणून पाठवली तिला. आणि आजा मला बोललेला, पोरगी नको म्हणते तर सोड. ते पण मी तिला सांगितलं न्हाय. म्हणजे एक न्हाय, दोन गाळल्या मी.

आता ती वर बसलीय. नेमणुकांचे प्रश्न आले असतील. म्हणजे डोळे मिटून ती गल्लीतून चालत गेली असेल, शेवटच्या घरापर्यंत, आणि तो ओट्यावर बसलेला असेल, विचारत असेल तिला, काय गं, आज दुनियेत काय झालं. तिच्यासाठी हाय अजून तो. बाकी सगळ्या गावासाठी गेला, आणि तिसऱ्या खिडकीच्या आत अजून हाय. मीच ठेवलं सगळं त्याच्याजवळ. चुकलंच माझं, म्हाताऱ्या माणसाजवळ एवढं ठेवायचं नसतं. आता दर टायमाला काय आठवायला जाईल ती, तर...

घंटा झाली काय? झाली. तुमचा पोरगा कुठला, तो चष्मेवाला? जा ना त्याच्याकडं. न्हाय, थांबा जरा, थांबा, मी एकटी — ती बघा. जिन्यावर. हात वर केलेत बघा दोन्ही. बोटं दाखवते ती नेहमी, मी सांगितलेल्या बातम्यांमधले किती प्रश्न आले ते. पाच... आणि दोन. सात. सात आले, ताई. आजपर्यंत चारच्या वर कधी आले न्हाईत. ओरडते आहे काहीतरी — काय बोलते? ऐकू आलं तुम्हाला? आजाच्या ओट्यावरचे, बोलते. सातही आजाच्या ओट्यावरचे.

आता फोन मागेल. आल्या आल्या मागेल, आजाला सांगायचं म्हणून. परत न्हाय मला जमायचं तसं बोलायला. तू निवडू नको बोललेली ना ती? मी शब्द दिलेला. ताई, तुम्ही उठा. रडू नका, ती बघेल. जा वो तुम्ही, तुमच्या पोराला भूक लागली असेल, जा म्हणते ना.

ये बाय. सात ना? बघितले मी. देते फोन, देते, आधी बस हितं माझ्याजवळ. पाणी पी. रंजू, सकाळची एक बातमी सांगायची राहिली माझी.