अकरा नंबरचं सूत्र

आर्णीच्या बसमध्ये मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या बाकावर शब्दकोड्याच्या सूत्रलेखन स्पर्धेचे दोन परीक्षक होते. त्यांच्या हातातल्या कागदांवरची नावं चिकटपट्टीनं झाकलेली होती. अकरा नंबर माझा होता.

“अकरा नंबर बाद करा, विमलताई.”

“काहून, जफरभाई?”

“मले सुटून नाही राह्यलं. दोघायलेही सुटलं पाहिजे, हा नियम तुमचाच.”

“आर्णी यायची आहे अजून. पुन्हा वाचा.”

“‘डोक्याकडून या, पायाकडून या, घरात तेच येतं. पाच अक्षरं.’ पाहुणा म्हणावं, तर तीनच होतात. सांगून टाका ना.”

“मी सांगितल्यावर तुमाले सुटलं कसं म्हणू?”

बाळ रडलं. विमलताई मागं वळल्या.

“किती महिन्याचा आहे वं, बाई?”

“चार. पायाळू आहे.”

जफरभाईंनी कागदाकडे पाहिलं. मग बोटांवर अक्षरं मोजू लागले.

“न, व, जी, व, न. मागून वाचलं तरी नवजीवनच.”

“मंग, बाद करू?”

“पह्यला नंबर लिहा. कोण बाई आहे, पाहू द्या.”

“चिकटपट्टी आर्णीत उतरल्यावरच निघन.”

मलाही आर्णीलाच उतरायचं होतं.