मास्तरांची रायफल

(विमानतळावर, सामान जमा करण्याच्या काउंटरांमागची छोटी खोली. टेबलावर एक लांब, काळी, कडक पेटी. एका बाजूला तपासणी अधिकारी, चाळिशीची बाई. समोर सत्तरी गाठलेले मास्तर, उभेच.)

अधिकारी : ...ते कळलं. पण पेटी तुम्ही स्वतः भरलीत का?

मास्तर : मीच. दुसरं कोण भरणार? पूर्वी ही भरायची, आमची मंडळी. रायफल माझी, पण पेटीत काय कुठे जायचं ते ठरवणार ती. मी आपलं म्हणायचो, नळी वाकू देऊ नकोस. त्यावर म्हणायची, तुमची मान वाकत नाही, नळी कसली वाकतेय!

अधिकारी : काका, हो की नाही, एवढंच सांगा. भरल्यापासून पेटी तुमच्याच ताब्यात होती?

मास्तर : हो. पलंगाच्या कडेला. घरात दुसरं माणूसच नाही, हात लावणार कोण?

अधिकारी : कुणी काही दिलंय तिकडे पोचवायला?

मास्तर : नाही. म्हणजे... नाही. कुणी काही दिलेलं नाही.

अधिकारी : उघडा. सावकाश. तोंड भिंतीकडे.

मास्तर : माझं की रायफलचं?

अधिकारी : रायफलचं.

मास्तर : ते मला सांगावं लागत नाही, मॅडम. शूटिंग रेंजवरचा मास्तर मी. उभा जन्म पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडण्यात गेला. नेम चुकला तर चालेल, तोंड फिरलं तर कान उपटीन. हं, हे बघा. बोल्ट काढून वेगळा ठेवलाय. नळी रिकामी. टॉर्च मारून बघा हवं तर.

अधिकारी : बघितली. काडतुसं?

मास्तर : या डब्यात. वेगळा डबा, वेगळं कुलूप. वजनाच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत.

अधिकारी : व्यवस्थित आहे. बरेच जण इथे येऊन किल्ली शोधत बसतात. शिकारीची आहे का?

मास्तर : छे हो! आयुष्यात चिमणी मारली नाही. मारला तो फक्त कागद. पन्नास मीटरवर टांगलेला, कुणाचं काही वाईट न केलेला कागद. खेळाची रायफल आहे ही.

अधिकारी : मग स्पर्धेला निघालात?

मास्तर : मी कसला? मुलाला द्यायला निघालोय. चांगला नेमबाज होता तो. हात असा, की दगडावर ठेवल्यासारखा. पुढे कॉलेज, मग नोकरी, मग संसार, सुटलं. मीही कधी विषय काढला नाही. आणि मागच्या आठवड्यात अचानक फोन. बाबा, मी परत सुरू करतोय, तुमची रायफल घेऊन या. मॅडम, हा मुलगा कधी काही मागत नाही. लहानपणी बुटाचा तळ फाटला तर आत पुठ्ठा घालून जायचा, पण तोंड उघडायचा नाही. तो मागतोय म्हटल्यावर मी काय, खांद्यावर टाकून चालतसुद्धा गेलो असतो.

अधिकारी : त्यांच्याकडे परवाना आहे?

मास्तर : करणार आहे.

अधिकारी : करणार आहेत म्हणजे आज नाही. मग तिकडे उतरल्यावर रायफल कुणाकडे राहणार?

मास्तर : माझ्याकडेच. परवाना माझा आहे ना. मी आहे तिथे रविवारपर्यंत.

अधिकारी : आणि रविवारनंतर? परतीच्या प्रवासात शस्त्र नाही, असं तुम्ही काउंटरवर सांगितलंत.

मास्तर : ते... ते तो बघणार होता. तिकिटं त्यानेच काढली. मी खोलात गेलो नाही.

अधिकारी : मला जावं लागेल. त्यांना फोन लावा. स्पीकरवर ठेवा.

मास्तर : आत्ता कामात असेल. दुपारचा सहसा उचलत नाही तो.

अधिकारी : लावा तर.

मुलगा : हॅलो, बाबा? काय झालं? विमान चुकलं का?

मास्तर : काही चुकलं नाही. इथल्या मॅडमना तुझ्याशी बोलायचंय. नीट बोल.

अधिकारी : नमस्कार. वडिलांबरोबरचं शस्त्र तिकडे कुणाच्या ताब्यात जाणार आहे?

मुलगा : हो, ते सगळं ठरलंय, मॅडम. शस्त्रांचे परवानाधारक दुकानदार आहेत, ते माझ्याबरोबर विमानतळावर येतायत. उतरल्या उतरल्या तेच ताब्यात घेतील. त्यांच्या तिजोरीत जमा होईल. रीतसर आहे सगळं.

अधिकारी : जमा, म्हणजे किती दिवस?

मुलगा : कायमचीच. नंतर विकायचं वगैरे बघू.

अधिकारी : तुम्ही परत खेळायला सुरुवात करणार, असं वडील म्हणतायत.

मुलगा : ...ते ऐकतायत का?

अधिकारी : समोर उभे आहेत.

मास्तर : ऐकतोय.

मुलगा : बाबा, मी सांगणारच होतो. घरी आल्यावर, निवांत.

मास्तर : काय सांगणार होतास?

मुलगा : त्या मॅडमसमोर नको ना.

मास्तर : मॅडमना बाहेर जाता येत नाही, टेबलावर रायफल उघडी आहे. बोल.

मुलगा : शेजारच्या काकूंचा फोन आला होता.

मास्तर : त्यांचं काय आता?

मुलगा : म्हणाल्या, संध्याकाळी दिवे न लावता खुर्चीत बसलेले असतात. रायफल घेऊन. खिडकीतून हाक मारली तरी ओ देत नाहीत. एक दिवस नाही, रोज.

मास्तर : अरे, सराव करतो मी! कोरडा सराव. गोळी नाही, काही नाही. भिंतीवर ठिपका काढलाय, त्याच्यावर नेम धरायचा, श्वास रोखायचा, चाप ओढायचा. टक्. तूसुद्धा केलायस की ढीगभर.

मुलगा : अंधारात?

मास्तर : संध्याकाळी.

मुलगा : अंधारात ठिपका दिसतो, बाबा?

मास्तर : ...नाही दिसत.

मुलगा : मग?

मास्तर : मग काय? बसतो तेव्हा उजेड असतो. नंतर अंधार पडतो. उठून दिवा लावायचा तो कुणासाठी? ती होती तेव्हा आतून ओरडायची, अहो, पुरे आता, डोळे फोडून घ्याल! आता पुरे म्हणायला कुणी नाही. म्हणून पुरं होत नाही, एवढंच.

मुलगा : मला भीती वाटली.

मास्तर : कसली? मी माझं काही बरंवाईट करून घेईन, याची?

मुलगा : हो.

मास्तर : मग विचारायचं होतंस. त्यासाठी एवढं रामायण?

मुलगा : कसं विचारू? जेवलात का विचारतो, तुम्ही हो म्हणता. तब्येत कशी आहे, तर ठणठणीत. त्यापुढचा प्रश्न मला येतच नाही, बाबा. आई असताना फोन तिच्याच हातात असायचा. तुम्ही लांबून ओरडायचात, बरा आहे म्हणावं मी.

मास्तर : हं. ओरडायचो खरा.

मुलगा : आता विचारतो. आलं होतं का मनात?

मास्तर : मॅडम, विमानाला किती वेळ राहिला?

अधिकारी : वेळ आहे. त्यांना उत्तर द्या.

मास्तर : रायफलचं नाही आलं. देवाशपथ. जी वस्तू मी पोरांच्या हातात विश्वासाने दिली, तिच्याकडे मी तसं बघणार नाही. पण... सकाळी जाग आली नाही तर बरं, असं आलं. एकदा नाही, बरेचदा. कुणाला सांगणार होतो? भिंतीला?

अधिकारी : हॅलो? आहात ना लाइनवर?

मुलगा : आहे. आहे मी. बाबा, मला सांगायचं.

मास्तर : आता सांगितलं ना. सरकारी खोलीत, स्पीकरवर.

मुलगा : मी खोटं बोललो, चुकलं माझं. पण रायफल द्या म्हटलं असतं तर तुम्ही दिली नसती. आणि ती तिथे, तुमच्याजवळ ठेवून मला झोप लागत नव्हती.

मास्तर : मी आठवडाभर तिची तयारी करतोय. तुझ्यासाठी. दस्ता तुझ्या खांद्याच्या मापाने सरकवून ठेवलाय, अंदाजाने. तू आता खांद्यात किती भरलायस, ते काही केल्या नीट आठवेना.

मुलगा : बाबा...

मास्तर : ठेव आता. मॅडमना कामं आहेत.

मुलगा : येताय ना पण? मी येतोय विमानतळावर. बाबा? येताय ना?

मास्तर : ठेव म्हटलं ना.

अधिकारी : बसा. ती खुर्ची घ्या. पाणी देऊ?

मास्तर : नको. मी उभाच बरा.

अधिकारी : काका, मी माझं काम तेवढं सांगते. पेटी बंद करून विमानात चढवता येईल, नाहीतर तुम्ही ती घेऊन घरी जाऊ शकता. इथे आम्हाला ठेवून घेता येत नाही.

मास्तर : आणि मला?

अधिकारी : तुम्हालाही नाही.

मास्तर : हुशार आहात. तुम्ही काय केलं असतंत, त्याच्या जागी?

अधिकारी : खोटंच बोलले असते. माझे वडीलही एकटेच असतात, दुसऱ्या गावी. मीसुद्धा जेवण आणि तब्येत, यापलीकडे जात नाही.

मास्तर : आणि ते काय म्हणतात?

अधिकारी : ठणठणीत.

मास्तर : म्हणणारच. आमची जातच मेली कोडगी... घरी नेली तर काय होणार, ते मला ठाऊक आहे. परत तीच खुर्ची, परत ती भिंत. आणि त्या बाई खिडकीतून बघणार. चढवा. चढवा विमानात.

अधिकारी : नक्की?

मास्तर : बंद करायच्या आधी थोडं थांबाल? दस्ता परत माझ्या मापावर आणतो. दुकानदाराच्या तिजोरीत काय, कुठल्याही मापाने राहील. पण... जाऊ दे. असू दे तसाच. त्याच्याच मापाचा राहू दे. लावा कुलूप.

अधिकारी : कुलूप तुम्ही लावायचं. किल्ल्या तुमच्याकडेच राहतील.

मास्तर : लागलं. ओढून बघा. हा डबाही बंद. त्या दुकानदाराला मीच उघडून दाखवीन. ओलसर कपड्याने पुसलीन तर गंज धरेल, हे त्याला बजावायला हवं.

अधिकारी : बजावा. ही चिठ्ठी पेटीला, ही तुम्हाला. तिकडे सामानाच्या पट्ट्यावर शोधू नका, तिथे येणार नाही. तिथला अधिकारी हातात देईल. परतीचं तिकीट रविवारचंच ठेवणार?

मास्तर : त्याने तेवढंच काढलंय.

अधिकारी : तिकीट बदलता येतं.

मास्तर : तिकीट बदलेल हो. चार दिवस एका घरात आम्ही दोघं काय बोलणार, तेच मला कळत नाही. बघू. सून बोलकी आहे. तिने ठेवून घेतलं तर राहीन थोडा, नाहीतर येईन परत.

अधिकारी : झालं तुमचं. तो दरवाजा, तिथून तपासणी, आणि समोरच तुमचं गेट. कुणाला सोबत देऊ?

मास्तर : नको, नको. चालतो की मी. फार लांब आहे का?

अधिकारी : नाही हो. या काचेतून दिसतंय, तेच.

मास्तर : हो का... असू दे. तरी द्या कुणीतरी सोबत.