बापाची मेंढरं आणि माझा ड्रम

माझं माहेर वळसंगच्या अलीकडं, गावात न्हाय, गावाच्या भायेर माळावर, चार घरं आणि बाकी सगळी मेंढरं. नाव महादेवी ठेवलं, पण कोण एवढं लांब नाव घेतंय, म्हादू म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत, त्यात दोन वर्सं तिसरीतच काढली, कारण गुरुजी मला बघून म्हणायचे, हिला शाळेपेक्षा मेंढरं जास्त ओळखतात. खरंच होतं ते. आमचा अप्पा मेंढरांना दिसंल तितलं पाणी पाजायचा न्हाय. आधी काठी घालून ढवळायचा, मग वाकून बघायचा, मग ओंजळीत घेऊन वास घ्यायचा, आणि आत काय वळवळताना दिसलं की अख्खा कळप पुढं हाकायचा. मेंढरं तहानलेली, आमी तहानलेलो, ऊन डोक्यावर, तरी न्हाय म्हंजे न्हाय. आमी पोरी चिडून म्हणायचो, अप्पा, मेंढराला काय कळतंय. तर म्हणायचा, त्याला कळत न्हाय म्हणून तर मी मागं हाय की. एवढं ध्यानात ठेवा, पुढं माझी फजिती सांगताना लागंल.

लग्न होऊन सोलापुरात आले. मालक टॉवेलच्या मागावर कामाला होते, आता ते न्हाईत, मुलगा मल्लू त्याच मागावर हाय. आमची वस्ती अक्कलकोट रोडच्या बाजूला, आणि मधी एक नाला सोडला की पलीकडं बंगल्यांची कॉलनी. तितं दोन घरी मी धुणंभांडी करते, एका घरी बागेला पाणी पण घालते. काय सांगू तुम्हाला, नाल्यावरची फळी ओलांडली की पाण्याची तऱ्हाच बदलते. तिकडं बोअर हाय, जमिनीत हौद हाय, गच्चीवर झाकणाची टाकी हाय, गुलाबाला रोज पाइपानं अंघोळ. इकडं आमाला पाचव्या दिवशी नळ येतो, कधी सहाव्या, आणि आला की सारी वस्ती लग्नाला निघाल्यागत पळते.

म्हणून घरोघरी ड्रम. आमचा निळा, साबणाच्या कारखान्यातनं आणलेला. पहिला महिनाभर पाणी हलवलं की फेस यायचा. मालक म्हणायचे, बरं हाय की, कपड्याला येगळा साबण नको. त्याचं झाकण आल्या वर्सीच तडकलं. तिसऱ्या दिवसापासनं पाण्यात वळवळे दिसायचे, बारीक, नाचल्यागत वरखाली करणारे. आता तुमी म्हणाल, मग काय करत होता? तर ड्रमला बाहेरनं टिचकी मारायची. टिचकी मारली की वळवळे घाबरून तळाला जातेत, तेवढ्यात वरचं पाणी तांब्यानं काढून घ्यायचं आणि लुगड्याच्या फडक्यातनं गाळायचं. ही युक्ती माझ्या सासूनं मला शिकवली, मी सुनेला शिकवली. कळप पुढं हाकणाऱ्या बापाची पोर मी, हितं टिचकी मारत बसले.

दोन वर्सांमागं आमची सून आरती, मला ती आत्या म्हणती, पोटुशी होती, सातवा महिना. डॉक्टरनं सांगितलं होतं, दिवसा पण आराम करायचा, जड उचलायचं न्हाय. आणि तवाच डेंगूची साथ आली. आमच्या वस्तीला रेश्माताई यायची, आरोग्य खात्याकडनं, पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. घरात शिरली की पहिलं ड्रममधी बॅटरी मारायची. वळवळे दिसले की म्हणायची, मावशी, ये खाली करना पडेगा, आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा. आणि आमी दोघी धरून ड्रम आडवा करायचो. एकदा नळ येऊन तिसराच दिवस होता, सारं पाणी गटारीत गेलं. पुढं तीन दिवस मी बंगल्यावरनं कळशी आणली. एकदा मी यायच्या आत आरतीच शेजारनं घागर मागून घेऊन आली, आणि आल्यावर पोट धरून उंबऱ्यात बसली. तवाच मी ठरवलं, आता ड्रम दिसू द्यायचा न्हाय.

मग ड्रम घरात घेतला. घर म्हंजे एकच खोली. आरतीच्या खाटंच्या उशाशी कोपरा होता, तितं सरकवला, वर पाट ठेवला, पाटावर गोधडी, गोधडीवर उशी, बघणाऱ्याला वाटावं बसायची जागा हाय. फट राहिली होती चार बोटांची, ती मला दिसली, पण म्हणलं, हवा पाहिजे की पाण्याला. केवढी माझी अक्कल. पुढच्या खेपेला रेश्माताई आली, बॅटरी मारून सारं घर फिरली, म्हणली, ड्रम कुटंय? म्हणलं, फुटला. खूश झाली, दमली होती बिचारी, आणि नेमकी त्या उशीवरच बसली. मी चहा केला. ती वळवळ्यांच्या डोक्यावर बसून, फुंकर मारमारून चहा प्याली आणि आमचं घर सगळ्यात चांगलं म्हणून सांगून गेली. आरती तोंडाला पदर लावून हसत होती, मी पण हसले.

ड्रम घरात घेतल्यापासनं तिसऱ्या आठवड्यात आरतीला ताप भरला. अंग ठणकायला लागलं, डोळे उघडंनात. सरकारी दवाखान्यात नेली, रक्त तपासलं, डेंगू निघाला, पेशी उतरायला लागल्या. डॉक्टरीण वयानं आरतीएवढीच. मला म्हणली, बाळाचं आणि आईचं, दोघांचं बघावं लागंल, आता काय सांगता येत न्हाय. मग विचारलं, घरात पाणी साठवलेलं हाय का? मी म्हणलं, न्हाय. मल्लू माझ्याकडं बघायला लागला. मी खिडकीकडं बघायला लागले.

त्याच आठवड्यात, ज्यांच्या बागेला मी पाणी घालते त्या बंगल्यातल्या मॅडमना पण ताप आला, तोच. त्यांनी फोन केला, महादेवी, आठ दिवस येऊ नका, तुमच्या वस्तीत साथ हाय म्हणे. वाईट बोलल्या न्हाईत त्या, आवाज पण गोडच होता. त्यांना मोठ्या दवाखान्यात येगळी खोली मिळाली, महिनाभर आराम झाला. इकडं आरतीच्या खाटंखाली वर्तमानपत्र आथरून मी बसले होते, काम न्हाय तर डोकं चालतं माणसाचं. बंगल्यातल्या कुंड्यांखाली थाळ्या हायेत, त्यात पाणी साचून राहतंय, ते पाणी रोज मीच घालते. म्हंजे नाल्याच्या अलीकडचे डास माझे आणि पलीकडचे पण माझेच. बापानं मेंढरं पाळली, पोरीनं डास पाळले. धंदा वाढवलाच की मी.

चौथ्या दिवशी आरतीच्या नाकातनं रक्त आलं. तशीच उठले, वस्तीत आले, रेश्माताई शेजारच्या गल्लीत होती, तिला हाताला धरून घरी आणली आणि उशी, गोधडी, पाट, एकेक उचलून बाजूला ठेवलं. म्हणलं, ताई, हा बघ फुटलेला ड्रम. माझ्या सुनंला मीच आजारी पाडलं.

मला वाटलं, आता ओरडंल. ती आत बघत राहिली. वळवळे नाचत होते. मग पाटावर बसली आणि हळू म्हणली, मावशी, मेरे घर में भी है. मोरीत ठेवलाय, वर चादर टाकून. हमारे यहाँ भी पाँचवें दिन आता है, फेकू तो बच्चों को क्या देऊ?

मी पण बसले. मग उठून दोघींनी मिळून तो ड्रम आडवा केला, घासला. दुसऱ्या दिवशी ती लोणच्याच्या बरणीत गप्पी मासे घेऊन आली, म्हणली, हे वळवळे खातेत, पाच आमच्यात सोडले, पाच तुमच्यात. झाकणाऐवजी साडीचं फडकं दोरीनं आवळून बांधायचं, तेबी तिनंच दाखवलं. आमाला कुणी हे आधी का सांगितलं न्हाय, असं मी विचारणार होते, पण मग म्हणलं, अप्पानं सांगितलं होतं की.

आरतीच्या पेशी सातव्या दिवशी वर चढायला लागल्या. बाळ पोटात हललं तवा तिनं माझा हात धरून तितं ठेवला. तिला मी ड्रमचं सगळं सांगितलं. ती म्हणली, आत्या, टिचकी तर मीबी मारत होते.

मी पुन्हा बंगल्यावर जाते. मॅडमना अजून वाटतंय ताप आमच्या वस्तीतनं आला. मी कुंड्यांखालच्या थाळ्या तेवढ्या पालथ्या घालते. नळ अजून पाचव्या दिवशीच येतो, कधी सहाव्या. तुमच्याकडं रोज येतो व्हय? येऊ दे बाबा, तुमच्या लेकराबाळांना लई मिळू दे, आणि आमच्याकडंबी कधी वळू दे.

नात पावणेदोन वर्साची झाली. फडकं सोडलं की ती पळत येते, टाचा उचलून ड्रमच्या काठाला धरती आणि बाहेरनं टिचकी मारती. तिला कुणी शिकवलं न्हाय, बघून शिकली. टिचकी मारली की मासे वर येतेत.