म्हाताऱ्याला निरोप नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमचे विभागप्रमुख, व्यासपीठावरील संचालकबाई, माझे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत बसून घड्याळाकडे बघणारे माझे यजमान, सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष आत्ताच म्हणाले, "ताईंबरोबर एक काळ निवृत्त होतोय." टाळ्याही झाल्या. त्यांचा रोख कुणाकडे होता, हे प्रोग्रॅमर मंडळींना कळलं. इतरांसाठी सांगते. आम्ही ज्यात प्रोग्रॅम लिहितो, तो एडिटर. नवा आलाय, त्यात चित्रं आहेत, अर्धा शब्द लिहिला की उरलेला तोच सुचवतो. जुन्याला ऑफिसात सगळे 'म्हातारा' म्हणतात. सोमवारी म्हातारा सगळ्या कॉम्प्युटरांवरून काढायचा, असं ठरलंय.

म्हातारा सर्वगुणसंपन्न आहे, असं मी म्हणणार नाही. तो हट्टी आहे. त्याच्यात लिहिणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. हे विसरून लिहायला लागलात, तर तुमचं प्रत्येक अक्षर तो हुकूम समजतो आणि निमूटपणे ओळी पुसतो. चूक कुठे झाली, ते आपणहून सांगत नाही. नवख्याला तर बाहेर पडायचं दारही सापडत नाही. हे भाषण मी त्यात लिहायला घेतलं, तेव्हा वेलांट्या आपली अक्षरं सोडून शेजारी जाऊन बसल्या. शेवटी कागद घेतला. शिवाय त्याची सवय जात नाही. काम जतन करायचा त्याचा हुकूम म्हणजे दोन टिंबं आणि एक अक्षर. यजमानांना "येताना दूध आणा" असं कळवलं, की शेवटी बोटं तो हुकूम देऊन मोकळी होतात. हे विचारतात, "हा दुधाचा कुठला प्रकार?"

मग अशा एडिटरसाठी भांडायचं कशाला?

ऑफिसात खिडकीपाशी आमचे एक प्रोग्रॅमर, मास्तर, बसतात. उठू नका मास्तर, तुम्हाला सगळे ओळखतात. अपघातानंतर त्यांचा उजवा हात चालत नाही. नव्या एडिटरला दोन-दोन, तीन-तीन बटणं एकदम दाबलेली लागतात, नाहीतर माउस. माउस धरायचा तर दर वेळी डावा हात कीबोर्डवरून उचलायचा. म्हातारा एका वेळी एकच बटण मागतो. त्यात मास्तर एका हाताने जेवढं काम करतात, तेवढंच तुम्ही दोन हातांनी करता. जास्त नाही, कमी नाही. मला एवढं पुरे आहे.

मी अध्यक्षांच्या खोलीत गेले.

"ताई, सगळ्यांना एकच एडिटर. शिस्त नको का?"

"आणि मास्तर?"

"त्यांना माहितीपत्रकं तपासायला देऊ. आरामाचं काम."

"आराम मागितलाय त्यांनी?"

"अहो, तुम्ही तर चाललात. कशाला मनाला लावून घेता?"

बाहेर मास्तर उभे होते. म्हणाले, "बाई, शिंप्याला रिळं मोजायला बसवताहेत. पण तुम्ही पडू नका यात. तुमचा निरोपाचा केक गोड लागू दे."

नाही लागला.

आपल्याकडे एक पद्धत आहे. ती अध्यक्षांनीच घालून दिली. कुणीही केलेला बदल दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. स्वतःचा बदल स्वतःला मंजूर करता येत नाही. म्हातारा काढून टाकण्याचा बदल अध्यक्षांनी स्वतः लिहिलाय, आणि अशा बदलांची मंजुरी माझ्याकडे असते. आज सकाळी त्यांनी मला कळवलं, "ताई, जाता जाता तेवढं मंजूर करून टाका."

इथे येण्याआधी मी तो नामंजूर केला. खाली कारण लिहिलं: यामुळे एका माणसाचं काम थांबतं.

अध्यक्ष, तुम्ही फोन बघताय. तेच आहे ते. माझ्या जागी येणाऱ्याकडे तुम्ही हा बदल पुन्हा पाठवाल. जरूर पाठवा. पण माझ्या कारणाला लेखी उत्तर दिल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही. आणि ते उत्तर सगळ्यांना दिसतं. मास्तरांनाही.

हा समारंभ मांडलात, चार चांगले शब्द बोललात, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. नामंजुरी मात्र ओघात झालेली नाही. ती मी जतन करून आले आहे.

मास्तर, सोमवारी खिडकीपाशीच बसा.